एका परमिटवर तिघं

स्वप्निलने आपली होडी बंदराच्या सर्वेक्षणाला दिली, त्याच्या आधीच तिघांचं परमिट आलं होतं. सगळी गोम तिथेच होती.

परमिट हिमाचलातल्या एका राष्ट्रीय उद्यानाचं होतं. आठ दिवसांची पायवाट, वाटेत ना दुकान ना टपरी. तिथे मोसमात मोजक्याच तुकड्या सोडतात. एकट्यादुकट्याला जाऊ देत नाहीत, निदान तीन माणसं लागतात आणि त्यातल्या एकाचा गिर्यारोहणाचा कोर्स झालेला लागतो. तो रविंद्रचा झाला होता. तो तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत खेळाचा मास्तर. रुपल आणि स्वप्निल किनाऱ्यावरच्या नरपडचे, सख्खे चुलत बहीण-भाऊ, एकाच भिंतीला टेकलेल्या दोन घरांत वाढलेले. तिघं डहाणूच्या कॉलेजात एका वर्गात होते आणि तेव्हापासून सुट्टी मिळाली की महालक्ष्मीचा डोंगर, अशेरीचा गड, जमेल तेव्हा सह्याद्रीत कुठेकुठे हिंडत होते. हिमालयात एकदा जायचं हे दहा वर्षांपासूनचं बोलणं. या वर्षी जानेवारीत परमिट हातात पडलं आणि रुपलने गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा स्वप्निलच्याच तोंडात घातला.

फेब्रुवारीत त्याची होडी सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीच्या माणसांना घेऊन निघाली.

ज्या बंदरामुळे मासेमारी बुडणार म्हणून अख्खी गल्ली मोर्च्याला जात होती, घोषणा देत होती, त्याच बंदरासाठी तळ मोजायला गल्लीतलीच होडी निघाली होती. तिला रंग रुपलच्या वडिलांनी दिलेला. ते गेले त्याला आता पाच वर्षं झाली होती. देवळापुढे सभा भरली. स्वप्निलला बोलावलं. तो आला, उभाच राहिला आणि म्हणाला, "गेलं वर्षभर मी रिकामी जाळी घेऊन परत येतोय. तेव्हा सभा कुणी घेतली नाही." एवढं बोलून निघून गेला. त्या दिवसापासून गल्लीने त्याच्याशी बोलणं बंद केलं. त्याला कुणी मासळी विकायची नाही, त्याच्याकडून घ्यायची नाही, लग्नाबारशाला बोलवायचं नाही. रुपलची आई शांती, जिच्या हातचं जेवून स्वप्निल मोठा झाला होता, तिने मधल्या कुंपणाचं फाटक तारेने बांधून टाकलं.

रुपलने रविंद्रला फोन केला. "त्याचं नाव काढून टाक परमिटवरून."

"विचारलं मी तिथल्या ऑफिसात. नाव बदलत नाहीत. एक गळला तर परमिट रद्द. मग पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, मिळेल न मिळेल."

"मग त्याला सांग, लाज असेल तर परमिट रद्द होऊ दे, पण माझ्याबरोबर येऊ नकोस."

"तू सांग."

"मी बोलत नाही त्याच्याशी."

"मग तू गळ," रविंद्र म्हणाला.

रुपलने फोन ठेवला. सुकी मासळी पाकिटात भरून विकायचा धंदा तिने एकटीने उभा केला होता. एरवी तिच्या अंगाचा मासळीचा वास जात नसे. डोंगरात गेली की तो जायचा. आणि तिने का गळायचं? होडी तिने दिली नव्हती.

तिकडे स्वप्निलही हटायला तयार नव्हता. "मी घाबरून घरी बसलो असं त्यांना वाटायला नको," त्याने रविंद्रला सांगितलं.

एप्रिलमध्ये एका रविवारी रविंद्रने दोघांना तलासरीला आपल्या घरी बोलावलं. अंगणात जांभळाखाली त्याने खाट टाकली होती. रुपल खाटेच्या एका टोकाला बसली. स्वप्निल मोटरसायकलवरून आला आणि खाटेवर न बसता ओट्यावर जाऊन टेकला. रविंद्रच्या आईने, काळीबाईने, तीन कप चहा आणला आणि दोन टोकांना बसलेल्या या दोघांकडे बघत बघत आत गेली.

रविंद्रने मोबाइलवर नकाशा काढला. पहिल्या चार दिवसांचं जेवण पाठीवर न्यायचं. पाचव्या दिवशी वाट उद्यानाच्या कडेला एका छोट्या वस्तीत उतरते. तिथे नेगी नावाचा माणूस पाहुण्यांना घरी ठेवतो. पुढच्या चार दिवसांच्या जेवणाचं खोकं त्याच्याकडे आधीच पोहोचलेलं पाहिजे. वस्तीत विकत काहीच मिळत नाही, त्यांचंच त्यांना पुरत नाही. तिथून निघालं की वर खिंड आणि पलीकडे उतार. अर्ध्यावरून मागे फिरायची सोय नाही.

"आठही दिवसांचं पाठीवर घेतलं तर?" रुपलने विचारलं.

"घेऊन बघ. पहिल्या चढालाच खाली बसशील. नेगी एकच खोकं ठेवून घेतो. म्हणजे तिघांचं एकत्र बांधायचं, मेच्या पहिल्या आठवड्यात इथून सुटलं पाहिजे. दर वेळेसारखं जेवणाचं तू बघ, रुपल."

"माझं आणि तुझं बघीन. त्याच्यासाठी मी तांदळाचा दाणा शिजवणार नाही."

"मागितलाय कुणी?" ओट्यावरून स्वप्निल म्हणाला. "तुझ्या हातचं खाण्यापेक्षा उपाशी राहीन."

"राहा ना. आता सवय नसेल. कंपनीवाले बिस्किटं देतात ना बोटीवर?"

"देतात. बिस्किटांबरोबर मानही देतात. तुमच्या गल्लीत तोही मिळत नाही."

"झालं?" रविंद्रने विचारलं. "मग ऐका. आपापलं जेवण आपापलं. पण खोकं एकच. रुपलची पार्सलं रोज जातात, तर पाठवायचं काम तिचं. स्वप्निल, तू तुझी पिशवी तिच्याकडे पोहोचव."

"पोहोचवतो," स्वप्निल म्हणाला आणि चहा अर्धा ठेवून उठला.

आठवडाभराने सकाळी तो पिशवी घेऊन आला. बांधलेल्या फाटकापर्यंत आला आणि थांबला. रुपल आत पाकिटांना लेबलं लावत होती. शांती अंगणात बांबूंवर बोंबील टाकत होती. गल्लीतल्या दोघीतिघी आपापल्या दारात आल्या.

"काकी, ही पिशवी रुपलला द्यायची आहे," तो म्हणाला.

शांतीने मान वर केली नाही. हातातला बोंबील टाकला, दुसरा उचलला. मग स्वप्निलने पिशवी कुंपणावरून आत ठेवली आणि गेला. तो वळणाआड झाल्यावर शांती उठली, दोन बोटांनी पिशवी उचलली आणि कुंपणाबाहेर, मासळीचं पाणी वाहतं त्या नाल्याच्या कडेला ठेवून आली.

खिडकीतून रुपलने ते पाहिलं. उठून पिशवी आत आणायला एक मिनिट लागलं असतं. तिने लेबलं लावणं चालू ठेवलं. दुपारपर्यंत कुत्र्यांनी पिशवी फाडली, पोहे आणि पीठ नाल्यात मिसळलं, उरलेलं कावळ्यांनी नेलं. संध्याकाळी तिने फाटकी पिशवी काठीने लोटून दिली. फोन करून त्याला दुसरी भरायला सांगता आलं असतं. पाठवायला अजून दिवस होते. तिने फोन केला नाही. रविंद्रने आपली पिशवी आधीच पोहोचवली होती. त्याचं आणि स्वतःचं जेवण तिने खोक्यात रचलं, वर पट्टी मारली आणि पत्ता लिहिला.

पाचव्या दिवशी कळेल त्याला, असं तिच्या मनात आलं. वस्तीत सगळ्यांसमोर खोकं उघडेल, त्यात आपलं काही नाही हे तो बघेल. ते तोंड बघायची तिला घाई झाली होती. त्याच्या पुढच्या चार दिवसांचा विचार तिने केला नाही. खरं तर केला आणि बाजूला सारला.

खोकं पाठवायच्या दिवशी रविंद्रचा फोन आला. आईने नागलीचं भाजलेलं पीठ दिलंय, खोक्यात टाकायचं आहे, थांब. डहाणू रोडला पार्सलच्या दुकानासमोर त्याने तिला गाठलं. खोकं तिच्या स्कूटरवर होतं. त्याने ते उचललं आणि तसाच उभा राहिला.

"हे तिघांचं?"

"हो."

"रुपल, मी रोज पोरांना भाले आणि गोळे उचलून देतो. हे तिघांचं आहे?"

त्याने खोकं तिथेच फुटपाथवर ठेवलं, किल्लीने पट्टी फाडली आणि आत हात घातला. त्याचं निघालं, तिचं निघालं. तिसरं निघालं नाही.

"त्याने आणून दिलं नाही?"

"दिलं. कुत्र्यांनी खाल्लं."

"आणि तू सांगितलं नाहीस."

"तूच दिलं असतंस त्याला थोडं. मला माहीत आहे तुझा स्वभाव."

रविंद्र सहसा चिडत नसे. शाळेत पोरं त्याच्या खांद्यावर चढत. आत्ता त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं. "म्हणजे राग तुझा आणि तो माझ्या ताटातून फेडायचा. खिंडीत दोघांच्या जेवणात तिघं चालणार. कुणाला चक्कर आली, कुणी घसरलं, तर तिथे हमीपत्रावर सही माझी आहे."

"तुला काय कळणार?" रुपल उसळली. दुकानातला माणूस बाहेर डोकावला, तरी ती थांबली नाही. "आमचा समुद्र चाललाय! आमच्या घरातल्याच माणसाने होडी दिली. तुझं काय जातंय?"

"आमच्या पाड्याची शेतं रस्त्यात गेली," रविंद्र म्हणाला. "माझ्या काकाची गेली, शेजाऱ्याची गेली. दोन वर्षं त्या रस्त्याच्या कंत्राटदाराची छावणी तिथे होती. मजुरांना दर आठवड्याला सुकट आणि बोंबील कोण पाठवत होतं?"

रविंद्रने उघड्या खोक्याकडे बोट केलं.

"तुझी पाकिटं होती. तुझं नाव छापलेली. काका ती पाकिटं उकिरड्यावर बघायचा आणि मला विचारायचा, ही तुझी मैत्रीण ना? मी म्हणायचो, हो, धंदा आहे तिचा. तुझ्याशी बोलणं मी एक दिवस बंद केलं नाही."

तिला ती छावणी आठवली. पत्र्याच्या खोल्यांची लांबलचक रांग, वजन करून घेणारा मुकादम. चांगलं गिऱ्हाईक होतं. ते कुणाच्या शेतात उभं आहे असा प्रश्नच तेव्हा तिला पडला नव्हता.

"ते वेगळं होतं," ती म्हणाली.

रविंद्रने खोकं बंद केलं. "आता मी सांगतो तसं करायचं. त्याचं जेवण तू भरायचं, तुझं त्याने. माणशी किती वजन ते ठरलेलं आहे. येत्या रविवारी दोघांनी माझ्या घरी आणायचं. मी उघडून बघणार आणि माझ्या हाताने पाठवणार. जमत नसेल तर आत्ता सांग, मी आत्ता माझं नाव काढून घेतो. मग दोघं बसा गल्लीत एकमेकांकडे पाठ करून."

तिने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. मोटरसायकलला किक मारत होता.

घरी शांतीने विचारलं, "कोणासाठी तांदूळ भाजतेस?"

"स्वप्निलसाठी."

शांतीने पुढे येऊन गॅस बंद केला. "माझ्या चुलीवर त्याच्यासाठी काही होणार नाही. तुला डोंगर एवढा प्यारा असेल तर बाहेर कर."

मग रुपलने बाहेर केलं. डहाणूच्या बाजारातून तांदूळ, मूगडाळ, हळद आणि मीठ आणलं, कुंपणाबाहेर स्टोव्ह पेटवून भाजलं, भरडलं आणि रोजची खिचडी रोजच्या पुडीत बांधली. चार दिवस, सकाळ-संध्याकाळ तीच. सुकटीची चटणी टाकली नाही, गूळ टाकला नाही, चिकूचे काप घरात डबाभर पडले होते ते टाकले नाहीत. वजनकाट्यावर ठेवलं तेव्हा ठरल्या वजनाला बरोबर भरलं. रविंद्रला बोट ठेवायला जागा नव्हती. माणूस याच्यावर चालू शकतो, मरत नाही. तिला बरं वाटलं.

रविवारी तलासरीच्या अंगणात रविंद्रने चटई टाकली आणि दोन्ही पिशव्या ओतल्या. रुपलची बाजू पटकन बघून झाली. सगळ्या पुड्या सारख्या. स्वप्निलची बाजू बघायला वेळ लागला. पोहे होते, नागलीचं सत्त्व होतं, खिचडी होती, गूळ होता, चिकूचे काप होते. सुकटीची चटणी होती, डोकी काढून, नीट भाजून, लसूण घालून केलेली.

"सुकट कुठून आणलीस?" रविंद्रने विचारलं.

"वाणगावच्या बाजारातून. तिथली बाई मला ओळखत नाही."

"शेंगदाणे नाहीत यात. चिक्की टाकायची ठरलं होतं."

"हिला चालत नाहीत. अंगावर गांधी उठतात." स्वप्निल रविंद्रकडेच बघून बोलला, जणू रुपल तिथे नव्हतीच. "चौथीत असताना डोळे मिटेपर्यंत सुजली होती. काकीने मला पळवलं होतं डॉक्टरकडे."

काळीबाई दारात उभी राहून बघत होती. तिने रुपलने बांधलेली एक पुडी उचलली, हातात फिरवली आणि परत ठेवली. रुपलचे कान तापले. त्याने दगड भरून आणले असते तर तिला सोपं गेलं असतं. इतकं जपून भरलेलं बघून तिला त्याचा आधीपेक्षा जास्त राग आला.

"मोठेपणा दाखवतोस?" ती म्हणाली. फेब्रुवारीपासून ती पहिल्यांदाच सरळ त्याला उद्देशून काही बोलत होती, मागच्या भेटीतल्या त्या बिस्किटांच्या टोमण्याखेरीज.

"नाही," स्वप्निल म्हणाला. "तुम्हाला माझ्यात खोट काढायला आवडतं. जेवणात तरी सापडू नये म्हणून नीट भरलं. तुझ्यावर मेहेरबानी म्हणून नाही." मग तिच्या पुड्यांकडे बोट करून त्याने विचारलं, "यात मीठ आहे?"

"आहे."

"मग झालं."

रविंद्रने काटा लावला. "वजन दोघांचं बरोबर आहे," एवढंच म्हणाला आणि सगळं खोक्यात भरलं. मध्ये एकदा हात थांबवून त्याने रुपलकडे पाहिलं. ती काहीतरी वाढवेल, काही काढून ठेवेल, म्हणून वाट पाहिली असावी. ती उठली आणि स्कूटरकडे गेली.

मे संपताना ते निघाले. उद्यानाच्या फाटकावरच्या चौकीत रक्षकाने तिघांची ओळखपत्रं बघितली, परमिटवरची नावं मोठ्याने वाचली आणि रुपलला आणि स्वप्निलला विचारलं, "भाई-बहन?" आडनाव एकच होतं. दोघांनी आपापल्या पिशव्यांचे पट्टे आवळायला घेतले. रविंद्रने 'हां' म्हणून वेळ मारून नेली.

चार दिवस ते देवदारांतून चालले. रविंद्र मध्ये, एक पुढे, एक मागे. जे बोलायचं ते रविंद्रमार्फत. पाणी कुठे भरायचं, तंबू कुठे लावायचा, सगळं त्याच्या कानातून जात होतं. चौथ्या संध्याकाळी तो म्हणाला, "मी टेलिफोन आहे का?" तेव्हाही कुणी हसलं नाही.

पाचव्या दिवशी वस्ती आली. नेगीच्या बायकोने खोकं आणून ओसरीवर ठेवलं. नीट पोहोचलं होतं, एका कोपऱ्याला ओल लागली होती तेवढीच. समोर खिंड दिसत होती, बर्फाने अजून पांढरी. नेगीच्या चुलीवर पाणी उकळायला ठेवलं आणि आपापलं जेवण काढलं. रुपलने चटणीची पुडी उघडली. भाजलेल्या सुकटीचा आणि लसणाचा वास ओसरीभर पसरला. नेगीच्या बायकोने नाकाला ओढणी लावली. घरापासून इतक्या दूर तो घरचाच वास होता. पलीकडे स्वप्निलने पुडी फोडली, उकळत्या पाण्यात ओतली आणि ढवळत बसला. पिवळी, पातळ, नुसती खिचडी. पहिला घास त्याने न बघता गिळला, दुसरा तसाच.

हेच तोंड बघायची तिला घाई होती. त्यावर काहीच नव्हतं, फक्त थकवा होता. उन्हाने सोललेलं नाक होतं आणि ओठांना भेगा पडल्या होत्या.

तिने चटणीची पुडी ओसरीवरून त्याच्या बाजूला सरकवली. "घे."

स्वप्निलने पुडीकडे पाहिलं. "नको," तो म्हणाला. "माझं मला मिळालंय."

"पुष्कळ आहे."

"मोजून दिलंस ना? तेवढंच खाईन." त्याने पुडी बोटाने परत तिच्याकडे ढकलली.

रविंद्र उठून बाहेर गेला आणि बुटांच्या नाड्या सोडत बसला.

तिथून शेवटपर्यंत स्वप्निलने सकाळ-संध्याकाळ तीच खिचडी खाल्ली. खिंडीत वारा सुटला, हात बधिर झाले, तेव्हाही गुळाचा खडा त्याने घेतला नाही. रविंद्रने दिलेलं पीठही घेतलं नाही. चालण्यात तो मागे पडला नाही. एका बर्फाच्या उतारावर रुपलचा पाय सटकला, तेव्हा त्याने तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरून तिला वर ओढलं, पट्टा सोडला आणि पुढे चालू लागला. तिने 'थँक्यू' म्हटलं. ते त्याला ऐकू आलं की नाही, कळलं नाही. तिने पुन्हा म्हटलंही नाही. चटणी तिने दुसऱ्या दिवसापासून खाल्ली नाही. शेवटच्या मुक्कामावर उरलेली पुडी तिने खड्डा करून पुरायला घेतली, पण उद्यानात काही टाकायला मनाई होती, म्हणून ती परत पिशवीत ठेवून नरपडपर्यंत वाहून आणली.

ते परतले तेव्हा पावसाळ्यासाठी मासेमारी बंद झाली होती आणि किनाऱ्यावर होड्या ओढायचं काम चाललं होतं. एकेका होडीला वीस-पंचवीस हात लागले होते. स्वप्निलची होडी ओढायला कंपनीने जेसीबी पाठवला होता. तो एकटा दोराजवळ उभा होता. माणसं आपापल्या होड्यांना ताडपत्री बांधत होती आणि तिकडे बघत नव्हती.

शांती अंगणात होती. रुपलने पाठपिशवी खाली ठेवली.

"पोचलात?" शांतीने विचारलं आणि मग किनाऱ्याकडे बघत म्हणाली, "तो जेवला का नीट?"

"खिचडी जेवला. चार दिवस."

"नुसती?"

"नुसती."

"बरोबर काही नाही? चटणी, लोणचं?"

"मी टाकलंच नव्हतं. नंतर दिलं, तर घेतलं नाही."

शांतीने तिच्याकडे पाहिलं. ज्या नजरेने ती फेब्रुवारीपासून स्वप्निलकडे बघत होती, त्याच नजरेने. मग वळून आत गेली. किनाऱ्यावर जेसीबीने दोर ताणला आणि होडी वाळूत करकरत वर आली. रुपल कुंपणाशी उभी राहून बघत होती. स्वप्निलने एकदा मान वळवली, ती दिसली, आणि तो परत दोराकडे वळला. तीही पाठपिशवी उचलून घरात गेली.